चौसष्ट घरांची संख्या पूर्ण छापावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ च्या जुलैमध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत या खेळावर बराच मजकूर येऊ लागला आहे आणि तो मुलांपर्यंत पोहोचतो आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. या मजकुरात, विशेषतः मुलांच्या पुरवण्यांत, एक कथा हमखास असते. बुद्धिबळाचा शोध लावणाऱ्या विद्वानाने राजाकडे बक्षीस मागितले ते असे, की पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवून चौसष्ट घरे भरावीत. आणि राजाची सारी कोठारे रिकामी झाली तरी मागणी पुरी होईना. कथेच्या शेवटी एक मोठी संख्या दिलेली असते. माझे हे पत्र त्या संख्येविषयी आहे.

निरनिराळ्या दैनिकांत मी ती तीन-चार प्रकारे छापलेली पाहिली आहे. कोठे 'सुमारे १८ वर १८ शून्ये' असे मोघम लिहिलेले असते, तर कोठे १८४४६७४४०७३७०९६००००० असा वीस अंकी आकडा असतो. हा दुसरा आकडा कोठून येतो हे उघड आहे. संगणकावरील हिशेबाचे तक्ते पहिले पंधरा अंक तेवढे राखतात आणि पुढच्या जागी शून्ये भरतात. लेखकाने तो आकडा तसाच उचललेला असतो. खरी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही आहे. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी लिहावी लागेल.

शून्यांचा आकडा चुकीचा आहे हे ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पहिल्या घरात एक दाणा आहे आणि उरलेल्या त्रेसष्ट घरांपैकी प्रत्येकात सम संख्येने दाणे आहेत. तेव्हा एकूण बेरीज विषमच असली पाहिजे आणि तिच्या शेवटी शून्य येऊच शकत नाही. इतकेच नव्हे, तर शेवटचा अंक ५ असणार हेही तोंडी सांगता येते. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने पुन्हापुन्हा येतात, चौसष्टला चारने भाग जातो म्हणून चौसष्टाव्या घाताचा शेवटचा अंक ६ येतो, आणि आपली संख्या त्याहून एकने लहान आहे. ती एकने लहान का, याचे उत्तरही सोपे आहे. पटाबाहेरून एक जादा दाणा आणून पहिल्या घरातील दाण्यात मिळवा. ते दोन होतात. हे दोन दुसऱ्या घरातील दोनांत मिळवले की चार, ते तिसऱ्यातील चारांत मिळवले की आठ, आणि अशा रीतीने शेवटच्या घरापर्यंत गेले की बरोबर २ चा ६४ वा घात हाती येतो. उसना घेतलेला तो एक दाणा परत केला की राहते ती आपली संख्या. मुद्रितशोधकांसाठी आणखी एक खूण सांगतो: तिच्या वीस अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून तिला ३ ने भाग जातो, पण ९ ने जात नाही.

यावर कोणी म्हणेल की एवढ्या प्रचंड संख्येत शेवटचे पाच-सहा अंक इकडचे तिकडे झाले तर काय बिघडले? संख्या केवळ मोठेपणा दाखवण्यासाठी छापायची असेल तर फारसे बिघडत नाही, हे मी मान्य करतो. एका दाण्याचे वजन सरासरी ४० मिलिग्रॅम धरले तर एकूण गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो, आणि जगात हल्ली वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो हे लक्षात घेता तो नऊशेहून अधिक वर्षांचे पीक ठरतो. या हिशेबात शेवटच्या अंकांना काहीच किंमत नाही. परंतु संख्येचा आकार हा तिचा एक गुण झाला, आणि माझ्या मते या संख्येच्या बाबतीत तो सर्वांत कमी महत्त्वाचा गुण आहे. तिला कशाने भाग जातो, ती कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे, शेजारच्या संख्यांशी तिचे नाते काय, हे सारे ठरते ते शेवटच्या अंकापर्यंतच्या अचूकपणावर. पुढे शून्ये भरलेल्या त्या आकड्याला २ ने आठ वेळा आणि ५ ने पाच वेळा भाग जातो. खऱ्या संख्येला २ ने एकदाही जात नाही आणि ५ ने एकदाच जातो. शून्ये भरलेल्या आकड्याची किंमत जवळपास तीच राहिली, तरी तो अंकगणिताच्या दृष्टीने सर्वस्वी वेगळी संख्या होतो.

ही संख्या आजच्या यंत्रांनी काढलेली नाही. अल्-बीरूनी या मध्ययुगीन विद्वानाने इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील अरबी ग्रंथात ती वीसही अंकांसह अचूक दिली आहे. चौसष्ट घरांची बेरीज करीत बसण्याऐवजी त्याने वर्ग करण्याची रीत वापरली. दोनचा वर्ग ४, चारचा १६, सोळाचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६, आणि त्याचा वर्ग केला की २ चा ६४ वा घात मिळतो. सहा वेळा वर्ग करायचा आणि शेवटी एक वजा करायचा, एवढेच काम आहे. या सहा पायऱ्या वाचकांनी लक्षात ठेवाव्यात अशी विनंती आहे, कारण या संख्येविषयी जे जे सांगण्यासारखे आहे ते सगळे या पायऱ्यांतूनच निघते.

वर्ग करून दोनचे मोठे घात काढण्याची ही रीत आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि ती छंदशास्त्रातून आलेली आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात, ठरावीक अक्षरांच्या चरणात लघुगुरूंचे किती प्रकार होऊ शकतात हे मोजण्यासाठी, अक्षरसंख्येचे अर्ध करीत जावे आणि उलट येताना वर्ग करावा असा नियम दिला आहे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून प्रत्येक अक्षरागणिक प्रकार दुप्पट होतात. पटावरच्या दाण्यांचेही तेच होते. भास्कराचार्यांनी ११५० मधील 'लीलावती'त अनुष्टुभाविषयी नेमका हाच प्रश्न विचारला आहे. चारही चरण सारखे असलेली समवृत्ते २५६, केवळ दोन्ही अर्धे सारखी असलेली अर्धसमवृत्ते ६५२८० आणि उरलेली विषमवृत्ते ४२९४९०१७६० असे त्याचे उत्तर येते, आणि या तिन्हींची बेरीज केली की ४२९४९६७२९६. म्हणजे आठ अक्षरांच्या चरणाचे प्रकार २५६, सोळा अक्षरांच्या अर्ध्या श्लोकाचे ६५५३६ आणि बत्तीस अक्षरांच्या पूर्ण श्लोकाचे ४२९४९६७२९६. अल्-बीरूनीच्या पायऱ्या त्या ह्याच. दोन अनुष्टुभ श्लोकांत मिळून चौसष्ट अक्षरे असतात, म्हणून त्यांच्या लघुगुरूंच्या मांडण्या बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांपेक्षा बरोबर एकने अधिक भरतात. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. या भागातील शाळांनी तरी हे उदाहरण मुलांना अवश्य दाखवावे असे मला मनापासून वाटते.

'लीलावती'तच दुपटीचे आणखी एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन वराटक, म्हणजे कवड्या, दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले, तर महिन्याभरात किती निष्क होतील? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ वराटक. भास्कराचार्यांनी शेवटच्या सहा कवड्याही सोडलेल्या नाहीत, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. या उत्तरात एक मिळवला की येणारी २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे १७७२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवले.

भास्कराचार्यांच्या स्थाननामांच्या यादीतही ही संख्या वाचून पाहण्यासारखी आहे. एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत त्यांनी अठरा स्थाने दिली आहेत, आणि आपल्या संख्येत वीस अंक आहेत. तेव्हा यादीतील सर्वांत मोठे नाव वापरून १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५ असे ती म्हणता येते. निखर्व आणि कोटी ही दोन स्थाने रिकामी राहतात.

आता तिच्या अवयवांकडे वळतो. शाळेत शिकवले जाणारे दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र येथे पुरेसे आहे. २ चा ६४ वा घात हा ४२९४९६७२९६ चा वर्ग आहे आणि १ हा १ चा वर्ग आहे, म्हणून आपली संख्या ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७ अशी फुटते. यांपैकी पहिला अवयव हा पुन्हा ६५५३६ चा वर्ग वजा १ असल्यामुळे ६५५३५ × ६५५३७ असा फुटतो, ६५५३५ चे २५५ × २५७ होतात, २५५ चे १५ × १७ आणि १५ चे ३ × ५. सगळे एकत्र मांडले की ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७ असा गुणाकार मिळतो. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की वर्गांच्या त्या पायऱ्यांवरील २, ४, १६, २५६, ६५५३६ आणि ४२९४९६७२९६ या प्रत्येक संख्येत एक मिळवला की हे अवयव तयार होतात. संख्या बांधण्याची रीत आणि ती फोडण्याची रीत एकच आहे, आणि इतक्या मोठ्या संख्येच्या बाबतीत हे क्वचितच घडते. एरवी वीस अंकी संख्या समोर टाकली तर तिचे अवयव कागदावर शोधण्यात माणसाचे महिने जातील.

या सहा अवयवांना आज फर्मा संख्या म्हणतात. फ्रान्समधील पिएर द फर्मा याने १६४० मध्ये लिहिलेल्या पत्रांतून असे मत मांडले की या रीतीने येणाऱ्या सर्वच संख्या मूळ असाव्यात. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या खरोखरच मूळ आहेत. सहावीची, म्हणजे ४२९४९६७२९७ ची, परीक्षा हाताने करणे अवघड होते. गोल्डबाखने १७२९ मध्ये ऑयलरला पत्राने या प्रश्नाची आठवण दिली, आणि १७३२ मध्ये ऑयलरने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे दाखवून दिले की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. फर्माचा अंदाज पहिल्या अनिश्चित जागीच ढासळला. म्हणून आपल्या संख्येचे पूर्ण मूळ अवयव सात आहेत: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. यांपैकी एकही दोनदा येत नाही, त्यामुळे तिचे एकूण विभाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८ आहेत. पटाच्या घरांच्या दुप्पट विभाजक असावेत हा निव्वळ योगायोग आहे, पण सुरेख योगायोग आहे.

६४१ ने भाग जातो हे भागाकार करून पाहता येतेच. परंतु भागाकार न करता त्याची खात्री पटवणारी एक युक्ती आहे, जी ऑयलरच्या नंतरची आहे आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते: एकदा ५ × १२८ + १ अशी आणि दुसऱ्यांदा ६२५ + १६ अशी. पहिल्या रूपावरून दिसते की ५ × १२८ या गुणाकाराला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ धरता येते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी १ येणार. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. दुसऱ्या रूपावरून, बाकी काढण्यापुरते, ६२५ च्या जागी उणे १६ घालता येतात. आणि १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात. तेव्हा उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १ ठरते, याचाच अर्थ २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ६४१ ने निःशेष भाग जातो. ४२९४९६७२९७ हा आकडा एकदाही न लिहिता त्याचा अवयव सिद्ध होतो, यातले सौंदर्य मला इतक्या वर्षांनंतरही नवे वाटते.

मग ६७००४१७ मूळ आहे कशावरून? येथेही गणिताने श्रम किती वाचवले ते पाहावे. एरवी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे २५८८ पर्यंतच्या, साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते, आणि तशा संख्या साडेतीनशेहून अधिक आहेत. परंतु ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून आलेलाच असला पाहिजे हे ऑयलरने नंतर सिद्ध केले, आणि १८७८ मध्ये एद्वार ल्यूका याने ६४ च्या जागी १२८ घालून तो नियम आणखी कडक केला. १२८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या आणि २५८८ च्या आतल्या मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. त्यांनी ६७००४१७ ला भागले की बाकी अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ राहते. एकीचीही बाकी शून्य येत नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. पाच भागाकार हा कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यातला अभ्यास आहे. बाकी मी येथे मुद्दाम दिल्या आहेत, कारण मुलांना आपले उत्तर ताडून पाहता यावे.

फर्मा संख्या सर्व मूळ नाहीत हे कळल्यावर त्यांचे महत्त्व संपले नाही. गौसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपास वापरून काढता येते हे दाखवले. ग्रीकांपासून दोन हजार वर्षे या बाबतीत प्रगती झाली नव्हती. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली तरच अशी आकृती काढता येते, हे पुढे पूर्णपणे सिद्ध झाले. आजवर अशा मूळ संख्या पाचच सापडल्या आहेत, आणि त्या पाचही आपल्या संख्येत आहेत. त्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५ येतो, आणि तत्त्वतः काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या ज्ञात सुसम आकृतींपैकी सर्वांत अधिक बाजू असलेली आकृती तीच. आपल्या संख्येच्या या अर्ध्या भागाला विभागणाऱ्या, १ सोडून, ३१ संख्या आहेत आणि आज माहीत असलेल्या विषम बाजूंच्या सर्व आकृती त्या एकतीसांत येतात. ६४१ आणि ६७००४१७ या दुसऱ्या अर्ध्यातील संख्यांच्या बाजूंच्या आकृती मात्र पट्टी-कंपासने काढता येत नाहीत.

हे सहा अवयव परस्परांशी सहमूळ आहेत, म्हणजे कोणत्याही दोघांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. कारण असे की यांपैकी कोणतीही संख्या घ्या, तिच्यातून २ वजा केले की आधीच्या सर्वांचा गुणाकार मिळतो. २५७ मधून २ गेले की २५५, आणि ३ × ५ × १७ बरोबर २५५. म्हणून सामाईक विभाजक असलाच तर त्याने २ ला भाग गेला पाहिजे, आणि या संख्या तर विषम आहेत. गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला कळवलेल्या या साध्या विचारातून मूळ संख्या अनंत आहेत याची एक स्वतंत्र सिद्धता मिळते, कारण पायऱ्या कधी संपत नाहीत आणि प्रत्येक पायरीला निदान एक नवी मूळ संख्या लागतेच.

ज्या ल्यूकाचा वर उल्लेख आला, त्यानेच १८८३ मध्ये हनोईचा मनोरा हे चकत्यांचे कोडे बाजारात आणले. त्यासोबत काशीच्या देवळात पुजारी सोन्याच्या चौसष्ट चकत्या एका सुईवरून दुसऱ्या सुईवर हलवीत आहेत आणि ते काम संपले की जगाचा अंत होईल, अशी कथा फ्रान्समध्ये प्रसृत झाली. मराठीत ती अनेकदा प्राचीन भारतीय दंतकथा म्हणून छापली जाते. ती तशी नाही, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच रचना आहे, आणि संपादकांनी याकडे लक्ष द्यावे. चकत्या हलवण्याच्या किमान खेपा मात्र नेमक्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ आहेत, कारण एक चकती वाढली की खेपा दुप्पट होऊन वर एक वाढते. सेकंदाला एक खेप धरली तरी ५८ हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील.

आजच्या वाचकाच्या खिशातही ही संख्या आहे. चौसष्ट द्विमान अंकांच्या (म्हणजे फक्त ० किंवा १ असू शकणाऱ्या अंकांच्या) जागेत सर्व ठिकाणी १ लिहिला की होणारी संख्या हीच, आणि म्हणून आजच्या बहुतेक संगणकांना व मोबाइल फोनना एका दमात हाताळता येणारी ती सर्वांत मोठी धन पूर्णांक संख्या आहे. जुन्या बत्तीस अंकी व्यवस्थेत, एक अंक चिन्हासाठी राखल्यावर, हीच मर्यादा २१४७४८३६४७ होती आणि २०१४ मध्ये यूट्यूबला एका चित्रफितीच्या प्रेक्षकसंख्येसाठी ती वाढवावी लागली. ही मर्यादा म्हणजे 'लीलावती'तील त्या याचकाच्या कवड्यांत एक मिळवून येणारी संख्या होय.

शेवटी शेजारच्या संख्येविषयी. आपल्या संख्येत २ मिळवले की सातवी फर्मा संख्या येते, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. आपली संख्या सात मूळ अवयवांत सहज फुटते, पण दोनच पावले पुढची ही संख्या फोडायला ऑयलरनंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. क्लाउसेनने १८५५ मध्ये गौसला लिहिलेल्या पत्रात तिचे अवयव कळवले होते, परंतु ते पत्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. १८८० मध्ये ऐंशी वर्षांच्या पुढे गेलेल्या लँद्री याने स्वतंत्रपणे ती २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ अशी फोडली. त्यापुढच्या फर्मा संख्यांपैकी एकही मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही, आणि २ च्या ८५८९९३४५९२ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे अजून कोणालाही ठरवता आलेले नाही. तिच्यात २५८ कोटींहून अधिक अंक आहेत.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत बुद्धिबळाच्या दाण्यांची कथा पुन्हा येईल तेव्हा तिच्याखाली वीस अंकी संख्या पूर्ण आणि देवनागरी अंकांत छापावी, तिचे सात मूळ अवयव द्यावेत, आणि चौकटीत जागा असल्यास ६४१ ची ती चार ओळींची युक्ती आणि पाच भागाकारही घालावेत, अशी माझी विनंती आहे. भागाकारांची उत्तरे त्याच अंकात न देता पुढच्या आठवड्यात दिली तर अधिक बरे होईल.

आपला नम्र,
एक निवृत्त गणितशिक्षक
चाळीसगाव, जि. जळगाव